शेवटच्या ठाण्यावर धूळ नव्हती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बारा वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात एका तळघरात बसून मी दहा दिवसांच्या नोंदी चाळीस मिनिटांत लिहून काढल्या. रोज एक लिहायची होती. त्या चाळीस मिनिटांमुळे एक सरहद्द पडली, आणि ज्या माणसाने ती चौदा वर्षं सांभाळली होती त्याचं डोकं फिरलं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. डोकं फिरलेलं नव्हतं. हे ठाऊक असलेला मी एकटा होतो, आणि मी गप्प बसलो.

सरहद्द कागदावरची होती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ज्याला हसायचं असेल त्याला हसून घेता येईल. मीही पहिले सहा महिने हसत होतो.

काका माझे घरमालक. त्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत मी अडीच वर्षं भाड्याने राहिलो. बायकोचा व्हिसा अडकला होता आणि माझं ऑफिस गाडीने पंधरा मिनिटांवर होतं. काका पाण्याचे इंजिनिअर. उमेदीची वर्षं महाराष्ट्रातल्या धरणांवर काढून ते इकडे आले, आणि पाणीपुरवठ्याच्या खात्यातून रिटायर झाले. उंच, किंचित वाकलेले, बारा महिने तोच राखाडी स्वेटर. पाण्याचा ग्लास हातात घेतला की आधी उजेडाकडे धरून बघायचे. कुणाकडे जेवायला गेले तरी. यजमानीण ओशाळायची आणि काकू म्हणायच्या, "तुमच्या घरचं म्हणून नाही हो, लग्नात हातावर उदक सोडलं तेव्हाही बघितलं होतं."

रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते तळघरात उतरले आणि त्यांनी रोमन साम्राज्य ताब्यात घेतलं. हे वाक्यही काकूंचंच.

झालं होतं असं. आपल्या पुस्तकांतला इतिहास सांगतो, की एक म्हातारा रोमन सम्राट फौज घेऊन युफ्रेटिस ओलांडून, टायग्रिसच्या काठाने थेट इराणच्या आखातापर्यंत पोचला. तिथे त्याने हिंदुस्थानकडे निघालेलं जहाज पाहिलं, आपलं वय झालं म्हणून हळहळला, आणि परतीच्या वाटेवर मेला. पुढच्या सम्राटाने तो सगळा पूर्वेचा मुलूख सोडून दिला. काकांचं म्हणणं, सोडायला नको होता. फौज कमी नव्हती, पाण्याचा हिशेब चुकला होता. ठाण्यांमधलं अंतर विहिरींप्रमाणे ठेवलं असतं तर सरहद्द टिकली असती. मग त्यांनी ती टिकवायला घेतली. आखातापर्यंत एकवीस ठाणी, एकावरची आग पुढच्यावरून दिसेल अशी. सगळ्यात पूर्वेला शेवटचं ठाणं, चारशे ऐंशी माणसांचं.

तिथला एक दिवस म्हणजे इथला एक दिवस. हा त्यांचा नियम. चौदा वर्षांत एकही दिवस गाळलेला नाही.

रोजची नोंद पाच ओळींची. आखाताजवळच्या विमानतळाची त्या दिवशीची हवा ते इंटरनेटवर बघायचे. वारा, तापमान, किती लांबचं दिसतंय. हवा स्वच्छ असेल तर शेजारच्या ठाण्याची आग दिसली असं लिहायचं, धूळ असेल तर दिसली नाही. नंतर लोणच्याच्या जुन्या बरणीतून एक चिठ्ठी काढायची. एखादा घोडा लंगडा झाला, उंटांचा तांडा आला, असं काहीतरी चिठ्ठीवर असायचं. तेही लिहायचं. "हवा खरी, चिठ्ठी नशिबाची, नोंद तिथल्या कारकुनाची, उतरवणारं अक्षर तेवढं आपलं," काका म्हणायचे. "यात मी कुठेच नाही."

भिंतीवर चारशे ऐंशी कार्डं टाचलेली होती. एका माणसाचं एक. कार्डावर नाव नसायचं, नुसत्या सवयी. 'डावरा. गाढवांशी बोलतो.' 'झोपेत आईला हाका मारतो, जागेपणी आईचं नाव काढत नाही.' तळघरात ओल शोषणारा डीह्युमिडिफायर चालू असायचा आणि त्याच्या वाऱ्याने कार्डांचे कोपरे हलायचे. सगळे एकदम नाही. कधी वरच्या रांगेतलं एखादं, कधी खालच्या. मी कपडे धुवायला खाली जायचो तेव्हा भिंतीकडे पाठ करायला मला आवडत नसे.

जेवताना काकू विचारायच्या, "आज कोण आजारी?"

"गाढववाला. जेवला नाही."

"त्याला म्हणावं मऊ भात खा." आणि मला वाढत म्हणायच्या, "सवत परवडली असती रे. चारशे ऐंशी पुरुष घरात घेतलेत यांनी."

तिकडचा सूर्यास्त म्हणजे इथली सकाळ, नऊ ते बाराच्या मधे, ऋतूप्रमाणे. काका त्या वेळी असतील तिथे थांबायचे. एकदा मला ग्रोसरीला घेऊन निघाले होते. लख्ख ऊन, बर्फ नुकतं वितळलेलं. रूट नाइनवर मधेच इंडिकेटर दिला आणि एका टायरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. इंजिन बंद केलं. घड्याळ पाहिलं, मग समोर रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"अंधार पडला," ते म्हणाले.

मी बाहेर बघितलं. उन्हाने डोळे दिपत होते.

मिनिटभराने म्हणाले, "लागला."

"काय, काका?"

"शेवटचा दिवा. तो पहारेकरी पूर्वेकडे तोंड करून उभा असतो. त्याच्या पाठीमागे सगळं रोम. आणि पुढे कोण, सांग बघू?"

"कोण?"

"पुढे आपण. सोपारा, भडोच. चौदा वर्षं तो आपल्याकडे बघतोय आणि आपल्याला पत्ता नाही." त्यांनी गाडी सुरू केली. "चल, मेथी संपेल."

त्या दिवशी मला पहिल्यांदा हसू आलं नाही.

मंडळाच्या गणपतीत लोक त्यांची फिरकी घ्यायचे. "काका, रोम काय म्हणतंय?" ते गंभीरपणे उत्तर द्यायचे. "सातव्या ठाण्याची विहीर आटतेय. जूनपर्यंत कळेल." विचारणारा दुसऱ्याला डोळा मारायचा. काकांना ते दिसायचं. दिसलं तरी उत्तर पुरं करायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला दोनदा सांगितली होती, आणि एकच गोष्ट दोनदा सांगणाऱ्यांतले ते नव्हते. नवी नोकरी, कुठल्याशा धरणावर पोस्टिंग. नदीची पातळी रोज बघून वहीत लिहायला एक गेज रीडर होता, वयस्क माणूस. ऐन पावसात त्याने ओळीने नऊ दिवस एकच आकडा लिहिला. काकांनी ठरवलं, हा घरी बसून वही भरतो. वर रिपोर्ट केला, तो सस्पेंड झाला. त्याच्या जागी दुसरा आला. त्यानेही पहिल्या दिवशी तोच आकडा लिहिला. गेजची साखळीच अडकली होती. पहिला माणूस रोज चिखल तुडवत जाऊन दिसलं ते इमानदारीत लिहीत होता. काका त्याला शोधत त्याच्या गावी गेले, तो भेटला नाही.

"मी त्याला विचारलंच नाही," काका म्हणायचे. "गेला होतास का, एवढं तर विचारायचं होतं. तो हो म्हणाला असता. मला ते मानता आलं असतं." तेव्हापासून दोन नियम. लॉगबुकात खाडाखोड नाही. आणि जो म्हणतो मी जाऊन पाहिलं, त्याने पाहिलं.

त्या मे महिन्यात काकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. दोन दिवसांचं काम होतं, पण इन्फेक्शन झालं आणि वूस्टरच्या हॉस्पिटलात अकरा दिवस गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला तळघरात नेऊन सगळं दाखवलं. हवेची वेबसाइट, बरणी, शाईचं पेन. "शेवटच्या ठाण्याची नोंद तेवढी तू कर. बाकीची मी आल्यावर त्यावरून लावून घेईन. पूर्वेचं कळलं की पश्चिमेचं कळतं. जमेल ना?"

"जमेल काका. लंचला येऊन जाईन."

पहिल्या दिवशी खरंच आलो. हवा बघितली, चिठ्ठी काढली, पाच ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात रिलीज होतं. तिसऱ्या दिवशी मीटिंग. चौथ्या दिवशी काहीच नव्हतं, नुसता गेलो नाही. संध्याकाळी हॉस्पिटलात जायचो तेव्हा काका नळ्यांच्या जाळ्यातून विचारायचे, "ठीक?" मी म्हणायचो, "ठीक."

रविवारी काकू म्हणाल्या, उद्या डिस्चार्ज आहे. मग मी खाली जाऊन बसलो आणि उरलेले दहा दिवस लिहिले. मागची हवा शोधली असती तर सापडली असती, दोन मिनिटांचं काम होतं. मी शोधली नाही. हवा स्वच्छ, शेजारची आग दिसली, सर्व क्षेम. दहा वेळा. चिठ्ठ्याही काढल्या नाहीत, मनाने रचल्या. सगळं एकसारखं दिसू नये म्हणून सातव्या दिवशी एक जादा ओळ टाकली, 'विहिरीचं पाणी गोड लागलं.' हे वाक्य मला कुठून सुचलं ते माहीत नाही. लिहीत असताना वरच्या रांगेतली कार्डं हलत होती. डीह्युमिडिफायर त्या दिवशी बंद होता, पण मे महिना होता, खिडकी उघडी असेल. मी तपासलं नाही.

दोन दिवसांनी काकांनी मला खाली बोलावलं. पोटाला पट्टा, चेहरा उतरलेला. समोर वही आणि शेजारी त्यांनी काढलेला हवेचा प्रिंटआउट.

"बस. तू रोज आला होतास?"

"हो काका."

"हवा बघून लिहिलंस?"

मला वाटलं, पकडला गेलो. आता एक 'सॉरी' म्हटलं की संपलं. काकूंचा चहा वर उकळत होता, त्याचा वास येत होता. मी म्हणालो, "हो. रोज."

काकांनी वहीचं पान उलटून एकदा पाहिलं. मग मान हलवली, एखादी पावती मिळाल्यासारखी.

"मग खोटं तिकडचा बोलतोय," ते म्हणाले.

त्यांनी प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवला. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या दिवशी तिथे धुळीचं वादळ होतं, हाताला हात दिसू नये असं. "तू इथून पाहिलंस, धूळ आहे. आणि ठाण्याच्या कारकुनाने लिहिलं, हवा स्वच्छ, आग दिसली. तू त्याचंच उतरवलंस, बरोबर केलंस. पण त्याने असं का लिहावं?" मला बोलायचं होतं, पण ते माझ्याशी बोलत नव्हते. "आणि हे बघ. पाणी गोड. शेवटच्या ठाण्याची विहीर मचूळ आहे. चौदा वर्षांत तिथल्या एकाही माणसाला ते पाणी गोड लागलेलं नाही. ते गोड कुणाला लागेल? ज्याने त्याहून वाईट पाणी पिऊन वाळवंट ओलांडलंय त्याला."

त्यांनी वही मिटली. "ठाणं पडलंय. वादळात आले असणार. आता आग ते लावताहेत."

मी काकांना एवढंच म्हणालो, "काका, चहा झाला असेल."

त्या दिवसापासून त्यांनी दहा दिवस सुतक पाळलं. दाढी केली नाही, देवघरात गेले नाहीत, गोडाचं खाल्लं नाही. काकूंनी घाबरून पुण्याला तीन ठिकाणी फोन केले. कुणीच गेलेलं नव्हतं. "कोण गेलं, ते तरी सांगा," त्या म्हणत होत्या. काका म्हणाले, "तुला सगळे ठाऊक आहेत. तो गाढववालाही गेला." गाढववाल्याचं नाव ऐकून काकू हसल्या, आणि मग नवऱ्याचं तोंड बघून त्यांचं हसू गेलं.

नोंदी आता अलीकडच्या, विसाव्या ठाण्यावरून होऊ लागल्या. मी चोरून वाचायचो. रोज तीच ओळ: 'पूर्वेला आग दिसली. उत्तर दिलं नाही.' जून, जुलै, ऑगस्ट. 'आग दिसली. उत्तर दिलं नाही.' ऑफिसात पावणेबारा झाले की माझं लक्ष घड्याळाकडे जायचं. त्या वेळी तिकडे कुणीतरी, कोण ते न कळणारं, आमच्याकडे बघत आग लावत असायचं, आणि ते माझ्या हाताने आत आलं होतं.

एकदा धीर करून म्हणालो, "काका, शेवटी हे सगळं तुम्हीच लिहिता ना? मग परत घ्या ठाणं. फौज पाठवा."

"मी लिहितो?" ते म्हणाले. रागावले नाहीत. "मग चौदा वर्षं मी काय करत होतो?"

तेव्हा सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून, काल का नाही सांगितलं, याची लाज वाटत राहिली.

विसावं ठाणं एकटं टिकणार नव्हतं. त्यांनी ते उठवलं. मग एकोणिसावं. प्रत्येक वेळी विहीर बुजवून निघायचं, पाणी शत्रूला द्यायचं नाही. पाण्याचा इंजिनिअर रोज स्वतःच्या विहिरी बुजवत होता. जेवण कमी झालं. बोलणं कमी झालं.

डिसेंबरात त्यांची मुलगी आली, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नहून. ड्राइव्हवेवर मी बर्फ काढत होतो, ती कोट न घालताच बाहेर आली.

"तुम्ही डॅडना रोज बघता," ती म्हणाली. "आई काही नीट सांगत नाही. मला स्ट्रेट सांगा. इज ही कन्फ्यूज्ड?"

"म्हणजे?"

"म्हणजे फोर्ट पडला म्हणून रडतात. चारशे ऐंशी माणसं गेली म्हणतात. आय मीन, हॉबी ओके, पण सुतक? कोणी रोमन सोल्जर्सचं सुतक पाळतं का?"

फावडं हातात होतं. सांगायला यापेक्षा सोपी वेळ मिळणार नव्हती. मुलगी हसली असती, तिने आत जाऊन बापाला ओरडून सांगितलं असतं, डॅड, तुमच्या टेनंटने चीटिंग केलं. मी म्हणालो, "वय झालंय. थोडा गोंधळ होतो खरा."

"कसला? एक्झॅम्पल?"

आणि मी उदाहरण दिलं. म्हणालो, "वेळेचा होतो. सकाळी अकरा वाजता अंधार पडला म्हणतात. मी स्वतः ऐकलंय."

तिने डोळे मिटले. म्हणाली, "थँक यू. कोणीतरी सांगायला हवं होतं."

डॉक्टरांच्या फॉर्मवर माझं वाक्य गेलं. तपासणीत काकांना विचारलं, आज तारीख काय. काकांनी विचारलं, "कुठली?" त्यांच्या दृष्टीने प्रश्न रास्त होता. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. गाडीच्या किल्ल्या गेल्या. तळघराला कुलूप लागलं. वसंतात घर विकलं आणि दोघं अ‍ॅशबर्नला गेली, काकू मुलीकडे आणि काका जवळच्या एका केअर होममध्ये. मी तोपर्यंत न्यू जर्सीत नोकरी धरली होती. आजही तिथेच आहे, वेस्ट विंडसरला.

मी त्यांना एकदाच भेटायला गेलो, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात. खिडकीबाहेर डेटा सेंटरची लांबच लांब भिंत होती, एकही खिडकी नसलेली, आणि तिचा एकसुरी घुमणारा आवाज. काका दाढी करून, स्वेटर घालून बसले होते. मी आणलेल्या बाटलीतलं पाणी ग्लासात घेऊन उजेडाकडे धरलं, प्यायले. वह्या नव्हत्या. "लागत नाहीत," म्हणाले. "काम झालं. परवा युफ्रेटिस ओलांडली. शेवटचा माणूस अलीकडे आला."

"म्हणजे?"

"म्हणजे आता सगळं पुस्तकात आहे तसंच आहे. सरहद्द जिथे होती तिथे. पलीकडे कधी कुणी नव्हतंच." त्यांचा आवाज शांत होता. "ती चारशे ऐंशी माणसं आता कुठेच नाहीत. मेली असती तर निदान मेली म्हणता आलं असतं."

भिंतीवर एकच कार्ड टाचलेलं होतं. मी वाचलं. 'कारकून. अक्षर नीट.'

"हा आपला," काका म्हणाले. "मानेवर सुरी ठेवून लिहून घेतलं असणार त्याच्याकडून. पाणी गोड, हे ते सांगत असतील तसं त्याने लिहिलं. पण धुळीच्या दिवशी हवा स्वच्छ, हे त्याने स्वतःच्या डोक्याने लिहिलं. मला कळावं म्हणून. त्याला माहीत होतं, इकडे हवा तपासणारा माणूस आहे." ते माझ्याकडे वळले. "त्याने कळवलं आणि तू जसंच्या तसं उतरवलंस, म्हणून वीस ठाण्यांची माणसं वाचली. तुम्हा दोघांचे उपकार आहेत."

कधी वाटतं, त्यांना सगळं माहीत होतं आणि ते मला बोलायची संधी देत होते. पण तसं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, साधा आणि पुरा. माहीत होतं असं म्हणून मी स्वतःला सोडवून घेणार नाही. मी त्यांचा हात धरला, तब्येतीला जपा म्हणालो आणि विमान पकडायला निघालो. त्याच हिवाळ्यात ते गेले.

काकूंचा दर दिवाळीला फोन येतो. यंदाही आला. चौऱ्याऐंशीच्या आहेत, आवाज खणखणीत. चकलीची भाजणी पाठवलीय, पोचली का, बायको बरी आहे ना, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "यांचं डोकं शेवटी गेलंच होतं रे. मला तर कळलंही नसतं. रोज शेजारी झोपायचे आणि मला काही वेगळं वाटायचं नाही. तू होतास म्हणून वेळेवर समजलं."

मी म्हणालो, "हो काकू."

त्यांना काही वेगळं वाटत नव्हतं, कारण काही वेगळं नव्हतंच. काका शेवटच्या दिवसापर्यंत शुद्धीवर होते. चुकीची नोंद मी केली होती, आणि त्यांनी त्या नोंदीवरून बरोबर अनुमान काढलं. एवढं काकूंना आणि त्यांच्या मुलीला, त्यांच्यासमोर बसून सांगण्याचं देणं मी लागतो. आज लिहून झालं आहे. सांगितलेलं नाही.